चार वाजताची एक रिंग

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. या सदरातले पांढऱ्या साडीतल्या बायकांचे आणि पैंजणांचे किस्से वाचून मला भीती वाटत नाही, शिसारी येते. ज्याच्या त्याच्या मामाला घाटातच बाई भेटते... या मामांना दुसरा रस्ता नसतो का? माझ्या अनुभवात घाट नाही, अमावस्याही नाही. घाटकोपर पूर्वेला पंतनगरमधली तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, दुपारचे चार आणि खाली ओरडणारा भंगारवाला, एवढंच आहे. आणि त्या सगळ्यात सर्वांत किळसवाणं वागलेला माणूस मी आहे, म्हणून इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

डायल-अपचे दिवस होते. ज्यांनी ते पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो - तेव्हा इंटरनेट घरच्या टेलिफोनच्या वायरीतूनच यायचं. मॉडेम नावाची डबी फोन लावायची, किंचाळायची आणि मग नेट जोडलं जायचं. तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. लाइनवर जरा खरखर आली की सगळं तुटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. विक्रोळी ते मुलुंड घरोघरी जाऊन हे तुटणं थांबवायचं, हा माझा धंदा होता. मॉडेमच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहायची जागा असते. तिथे चार अक्षरं-आकडे टाकले की त्याला सांगता येतं - छप्पनच्या स्पीडचा हट्ट सोड, तेहेतीसवर चाल पण टिकून राहा. लाइन क्षणभर गेली तरी लगेच फोन ठेवू नकोस, जरा थांब. निम्मी कामं एवढ्यावरच व्हायची.

उरलेल्या निम्म्यांत गुन्हेगार ठरलेला - पॅरलल. म्हणजे त्याच लाइनवर आतल्या खोलीत जोडलेला दुसरा फोन. तो कुणी उचलला की नेट गेलंच. यावर खरा उपाय एक साधा स्विच होता, नेट चालू असेल तेवढ्यापुरता आतला फोन तोडणारा, पण तो बसवायला भिंतीशी वाकून अर्धा तास काढावा लागतो. पॅरललची वायर कापायला अर्धं मिनिट लागतं. मी कापायचो. गिऱ्हाईक खूश, मी पुढच्या घरी.

गिरीशला माझा नंबर त्याच्या मुलुंडच्या आतेभावाने, उदयने दिला होता. उदयचं नेट मी आदल्या वर्षी झकास करून दिलं होतं म्हणे. गिरीश घरी बसून अमेरिकेतल्या डॉक्टरांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचा आणि दुपारी त्या फाइली पाठवायचा. रोज चारच्या सुमारास नेट तुटायचं आणि फाइल अर्धवट राहायची. "वाट लागलीय यार," म्हणाला, "हे काम गेलं तर दुसरं नाही."

मी ओळ टाकली, स्पीड उतरवला, थांबायचा आकडा वाढवला. चार वाजले आणि नेट तुटलं. मग विचारलं, आत फोन आहे का? तो म्हणाला, आहे, आत्याचा.

ही त्याची थोरली आत्या, शालू आत्या. मूळची मालवणकडची, म्युनिसिपालिटीच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेली, लग्न न केलेली. घर तिच्या नावावर, आठ वर्षं नंबर लावून मिळालेला फोनही तिच्याच नावावर. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती आणि तिला बघायला म्हणून गिरीश आणि त्याची बायको तिथे राहायला आले होते. बघायला म्हणजे काय, तर सकाळी एक बाई येऊन तिचं करून जायची. बायको ऑफिसला गेली की संध्याकाळपर्यंत गिरीश बाहेरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून, आणि मधलं दार बंद.

ते दार उघडलं आणि मला ओकारीच आली. मुताचा वास, आंबलेल्या चादरीचा वास, वर बामाचा. खिडकी लावलेली, टेबलफॅन कटकट करत तीच हवा फिरवत होता. उशीपाशी फोन, आणि त्याचा रिसीव्हर पिवळट, चिकट, बोलायच्या भोकांमध्ये काहीतरी वाळून बसलेलं. भिंतीवरची फोनची डबी उघडली तर आत झुरळांची अंडी. म्हातारी मात्र टुकटुकीत डोळ्यांनी बघत होती.

तिने आपणहून सांगितलं. मुलुंडला तिची धाकटी बहीण आहे, कुसुम, म्हणजे उदयची आई. तीही जागेवरच असते. रोज चार वाजता कुसुम एक रिंग देऊन ठेवते, मग ही तिला एक रिंग देते. कुणी उचलायचं नाही, म्हणजे कॉल पडत नाही. आपल्याकडे सगळेच करायचे असं, 'पोचलास की एक रिंग दे'. या दोघींच्या रिंगचा अर्थ एवढाच, की मी आहे. एक दिवस आली नाही तर दुसरीने कुणालातरी बघायला पाठवायचं. हल्ली मात्र उचलला की फोनमध्ये किडे वाजतात, असं ती म्हणाली. ते किडे म्हणजे आमचं मॉडेम.

स्विच माझ्या पिशवीत होता, हे लक्षात ठेवा. पण त्या खोलीत अर्धा तास वाकून बसायची मला किळस आली. मी वायर कापली, चांगली दोन मीटर, आणि तुकडा पिशवीत टाकला. उरलेलं टोक तिच्या खाटेमागे लोंबत ठेवलं. गिरीशने तिला सांगितलं की खालची केबल खराब झालीय. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "फोन कधी चालू होतलो रे?"

मी म्हटलं, "होईल आजी, दोन दिवसांत."

तिने उशीखालून फोटोच्या रोलची डबी काढली आणि खडीसाखरेचे दोन खडे माझ्या हातावर ठेवले. त्यांना केस चिकटला होता. जिन्यात पान थुंकू नये म्हणून कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावलेल्या असतात ना, तिथे मी ते टाकले. घरी येऊन दोनदा साबणाने हात धुतले.

दहा दिवसांनी गिरीशचा फोन. दोनच दिवस नेट टिकलं, आता पुन्हा रोज चारला तुटतंय. कडक चारला.

माझा पहिला संशय त्याच्यावरच होता, दया येऊन त्याने वायर परत जोडली असेल. दया! साडेतीनला जाऊन बसलो. आत न जाता बाहेरची मुख्य डबी उघडली. मी कापलेली टोकं तशीच होती, वर माझी चिकटपट्टी. मॉडेमच्या नोंदी पाहिल्या, रोज चारला लाइन गेलेली. म्हटलं एक्स्चेंजमध्ये काहीतरी असणार.

चार वाजले आणि मॉडेमचा दिवा विझला. माझ्याकडे दोन चिमटे असलेला टेस्टिंगचा रिसीव्हर असायचा, तो लगेच लाइनला लावला. डायल टोन नव्हता... टेबलफॅनची कटकट ऐकू आली. मग अगदी कानाशी श्वास, आणि म्हातारीचा आवाज.

"वाजलो गो, कुसम. मी असंय."

खट् झालं आणि डायल टोन आला.

मी मधलं दार ढकललं. ती रिसीव्हर जागेवर ठेवत होती. मी खाटेमागून वायर ओढून काढली, तिचं उघडं टोक माझ्या हातात आलं. रिसीव्हर उचलून कानाला लावला. काही नाही, साधी खरखरसुद्धा नाही. तो चिकट रिसीव्हर मी गालाला लावलाय हे नंतर लक्षात आलं. म्हातारी खुशीत होती. "दोन दिवसांत म्हणालंस, दोन दिवसांतच झालो," म्हणाली आणि पुन्हा डबीकडे हात नेला. मी खडीसाखर न घेताच बाहेर आलो.

गिरीशला म्हटलं, तुझ्या मुलुंडच्या आत्याला फोन लाव. तिच्या खोलीतल्या फोनवरून ती काय करते ते विचारू.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुसुम आत्याच्या खोलीतला? तो तर तूच काढलास ना रे. उदय तेच सांगत होता, तू पॅरलल काढलास आणि नेट एकदम पक्कं झालं. म्हणून तर तुला बोलावलं."

मला आठवलं. मुलुंडची ती आतली खोली, असाच वास, आणि मला वायरीपर्यंत पोचता यावं म्हणून हाताने आपले पाय उचलून सरकवणारी एक बारकी म्हातारी. तिलाही मी म्हणालो होतो, दोन दिवसांत होईल. म्हणजे वर्षभर तिकडचं टोक कापलेलं आणि आता इकडचंही. मी ते गिरीशला सांगितलं. तो म्हणाला, "ते सोड, माझं नेट कधी नीट होणार?"

दुसऱ्या दिवशी कुणी बोलावलं नसताना स्विच घेऊन गेलो. तोंडाला रुमाल बांधून अर्धा तास त्या भिंतीशी बसलो, अंडी खरवडली, वायर जोडली. रिसीव्हर स्पिरिटने पुसला. स्वच्छ डायल टोन आला. गिरीशला तासभर नेट बंद ठेवायला लावलं आणि चार वाजायची वाट पाहत तिच्यापाशी थांबलो.

चार वाजले. रिंग आली नाही. तिने मुलुंडचा नंबर फिरवला. तिकडे बाहेरच्या खोलीत फोन वाजत राहिला, पण घरचे सगळे दिवसभर बाहेर आणि कुसुमला तिथवर चालता येत नव्हतं. हिने पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "ह्यो नुसतो घुमता," म्हणाली. साडेचार झाले. एवढी वर्षं शाळेत पोरांना दटावलेली बाई, माझी बाही धरून म्हणाली, "तू इलंस की फोन बिघाडता रे. होतो तसो करून दी."

मी वायर परत कापली.

तिने रिसीव्हर उचलला, कानाशी धरला आणि तोंडाचं बोळकं पसरून हसली. "इली," म्हणाली. मी टेस्टिंगचा रिसीव्हर पिशवीतून काढला नाही. ऐकायची हिंमत झाली नाही.

आता मला सांगा, जागेवरून हलता न येणाऱ्या बाईला जाणूनबुजून मेलेला फोन देऊन मी निघालो, ते तिने मागितलं म्हणून, की एकदाचं त्या वासातून बाहेर पडायचं होतं म्हणून? मी स्वतःला खूपदा विचारलंय. दोन्ही खरं आहे, आणि दुसरं आठवलं की मला स्वतःची घाण वाटते. जाताना गिरीशला म्हटलं, निदान दर तासाला आत डोकावत जा. तो म्हणाला, कामाचं प्रेशर असतं यार. चारला नेट तुटतं, हे त्याने दुपारी पाणी जातं तसं मान्य करून टाकलं. चारच्या आत फाइली पाठवायचा आणि तेवढ्यात चहा ठेवायचा.

वर्ष झालं असेल. एका दुपारी पावणेपाचला त्याचा मोबाइलवरून फोन आला. मी भांडुपला एका घरी काम करत होतो.

"अरे, आज चारला नेट तुटलं नाही."

मी विचारलं, आत्या कशा आहेत? तो म्हणाला, "बघितलं नाही अजून. तू येऊन एकदा चेक करतोस का?"

त्याच्या खुर्चीपासून ते दार सहा पावलांवर होतं. मला त्याची किळस आली. नेट बंद कर आणि आत जा, म्हटलं. रिक्षा करून पोचलो तेव्हा नेट बंद केलेलं होतं आणि तो त्याच खुर्चीवर बसलेला होता. दार मीच उघडलं. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती, गार झालेली. रिसीव्हर जागेवर नीट ठेवलेला. त्या दिवशी मला कसलाच वास आला नाही, का कोण जाणे.

आम्ही दोघं तसेच उभे असताना बाहेरचा फोन वाजला. एकच रिंग नाही, वाजतच राहिला. गिरीश हलेना, म्हणून मी उचलला. मुलुंडहून उदय होता. आज सुट्टी घेऊन घरी होता म्हणाला, आणि आई चार वाजल्यापासून मागे लागली होती.

"आई म्हणते शालू मावशीची रिंग आली नाही. जरा आत जाऊन बघता का?"

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, कुणी दिलेलं मला पटलेलंही नाही. कुणी म्हणतं लाइन कुठेतरी चिकटली असेल, कुणी म्हणतं मला भास झाला. असेल. दोन्ही वायरी मीच कापल्या होत्या, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.