येताना तांब्या आणावा

माझ्या सख्ख्या पुतणीच्या लग्नाचा मांडव बैलांनी खाल्ला. सगळा नाही. दक्षिणेकडची बाजू उरली, कारण तिथं वहिनी खराटा घेऊन उभी होती.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी जालन्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. त्यातल्या एका साली पर्यावरण हा विषयही माझ्याच गळ्यात पडला. (भूगोलात ढग येतात, पर्यावरणातही ढग येतात, एवढाच मुख्याध्यापकांचा विचार!) बाकीचे शिक्षक विषय शिकवून घरी जात. मी विषय घरी घेऊन गेलो.

घर म्हणजे आष्टी. तिथं माझा थोरला भाऊ शेती बघायचा. त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, रेखाचं लग्न ठरलं होतं. मुलाकडचे शहागडचे. ट्रकांचा धंदा, हायवेवर घर, माणसं मोकळी पण मानाला जपणारी. दादानं मला स्वतः नांगर धरून शिकवलं होतं आणि माझा शब्द कधी मोडला नव्हता. म्हणून मी म्हणालो, "दादा, हे लग्न माझ्यावर सोड," तेव्हा त्यानं ते सोडलं. आयुष्यात त्याची एवढी एकच चूक.

"पण पाव्हण्यात नाक जाऊ देऊ नको, सुदाम," तो म्हणाला. "एकच लेक हाय."

"नाक वर होईल! तालुक्यात झालं नसेल असं आदर्श लग्न करू. प्लॅस्टिक न्हाई, थर्माकोल न्हाई, धूर न्हाई, कचरा न्हाई!"

"जेवण तरी हाय का?" वहिनीनं आतून विचारलं.

पहिला निर्णय पत्रिकांचा. एवढ्या पत्रिका छापायच्या म्हणजे किती झाडांचा जीव घ्यायचा! मी ठरवलं, जवळच्या नातेवाइकांना आणि व्याह्यांना एकेक, बाकी एका गावाला एक पत्रिका. ती मारुतीच्या पारावर वाचून दाखवायची.

दादा घाबरला. "आरं, पारावर वाचली म्हंजी चूलबंद आवतन झालं की! गावात चूल पेटायची न्हाई त्या दिवशी. लेकराबाळांसकट येतील सगळे."

"न्हाई येत. पत्रिकेत 'आपण' लिहिलंय, 'आपण सर्व' न्हाई लिहिलं."

व्याकरणावर इतका विश्वास ठेवणारा माणूस आमच्या जिल्ह्यात तोवर झाला नव्हता. पुढंही झाला नाही.

दुसरा निर्णय पाण्याचा. लग्नात प्लॅस्टिकचे ग्लास वाटायचे आणि चार दिवसांनी ते म्हशीच्या पोटात जायचे, हे मला बिलकुल मान्य नव्हतं. म्हणून पत्रिकेच्या तळाशी मी स्वतःच्या अकलेनं एक ओळ घातली : 'कृपया आहेर आणू नये. येताना तांब्या आणावा.'

पत्रिका गेल्यावर तिसऱ्या दिवशी दारात ट्रक उभा राहिला. व्याही खाली उतरले. हातात पत्रिका. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"गुर्जी, तुम्ही शिकलेले मानूस. आमच्याकडं सकाळच्या पारी तांब्या घेऊन मानूस कुठं जातो, म्हाईत हाय ना?"

मला तेव्हा कुठं उजेड पडला! दादानं डोळे मिटून घेतले.

"माझ्या आईला पत्रिका वाचून दाखवली," व्याही म्हणाले. "म्हातारी इचारून राह्यली, बाबा, लगीन मांडवात हाय का वावरात?"

"पाणी प्यायला हो! प्यायला!" मी ओरडलो.

"मंग पेला लिवायचं! पेल्याला काय झाल्तं?"

दुसरी पत्रिका छापून दुरुस्ती करता आली असती. पण पुन्हा कागद? मी तत्त्वाला चिकटलो. व्याही जाताना दाराशी थांबून म्हणाले, "आमचं वऱ्हाड तांब्या आणनार न्हाई, सांगून ठेवतो." आणि त्यांच्या ट्रकनं जो धूर सोडला, तो मला मुद्दाम सोडल्यासारखा वाटला.

तिसरा निर्णय वाहनांचा. आसपासच्या गावांना मी निरोप धाडला, की जीपगाड्या नकोत, बैलगाड्या जुंपा. चौथा निर्णय सजावटीचा. थर्माकोलच्या कमानी आणि प्लॅस्टिकची फुलं बंद. मांडव हिरव्यागार मक्याच्या ताटांनी आणि उसाच्या वाढ्यांनी सजवायचा. हे दोन्ही निर्णय मी वहीच्या एकाच पानावर, एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात लिहिले होते. आणि तरीही मला काही वाटलं नाही!

वाटलं ते माझ्या बायकोला. "अहो, बैल कुठं बांधणार?"

"सावलीत."

"मे महिन्यात आष्टीत सावली कुठंय?"

"मांडवाची पडेल की."

ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानं.

लग्नाच्या दिवशी सकाळी चारी दिशांनी धूळ उठली. वहिनी म्हणाली, "वावटळ दिसती." वावटळ नव्हती. बैलगाड्या होत्या. ज्या ज्या गावात पत्रिका वाचली होती, ती ती गावं आली. गावातली माणसं नव्हे, गावं! म्हातारेकोतारे आले, पाळण्यातली पोरं आली, एका गावातून तर पोलीस पाटलाच्या घरी पाहुणा आलेला परभणीचा कुणी जावईही आला, कारण त्या दिवशी त्याच्या सासुरवाडीत चूलच पेटली नव्हती. आणि सगळ्यांच्या हातात तांब्या. काहींनी धोतराच्या सोग्यात लपवलेला, काहींनी उपरण्याखाली. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. सनई वाजत होती आणि सगळं गाव तांब्या घेऊन रांगेनं मांडवात शिरत होतं. त्या दृश्याकडं बघून दादा मला एवढंच म्हणाला, "लई शोभा आली."

वऱ्हाड मात्र शब्दाला जागलं. एकाकडंही तांब्या नाही. शहागडहून उन्हात ट्रकमध्ये उभं राहून आलेली माणसं, घशाला कोरड, प्यायला भांडं नाही, आणि दुसऱ्याच्या तांब्याला हात लावायला मान आडवा. नवरदेवाची ऐंशी वर्षांची आजी मांडवाच्या दारात ओंजळ धरून उभी राहिली आणि माझ्या बायकोनं तिच्या ओंजळीत घागरीनं पाणी ओतलं. निम्मं लुगड्यावर. म्हातारीनं पदर पिळला आणि पुन्हा ओंजळ धरली.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट धरला. बैल मांडवाच्या सावलीत बांधलेले, आणि सकाळपासून कुणी त्यांना वैरण टाकलेली नाही. (वैरणीचा विचार माझ्या वहीत नव्हता!) तिसऱ्या मंगलाष्टकाला नवरदेवाच्या मागून एक लांबलचक जीभ आली आणि कमानीतलं मक्याचं ताट घेऊन गेली. मग दुसरी जीभ. मग चारी बाजूंनी कर्रकर्र आवाज. भटजी 'सावधान' म्हणाले ते गुरुजनांना नाही, नवरदेवाला; कारण एक खिलार बैल त्याच्या बाशिंगाला हुंगत होता. उसाच्या वाढ्यासाठी दोन बैलांत ओढाताण झाली, कोपऱ्यातला खांब कलला आणि अर्धा मांडव आहे तसा खाली बसला. लोकांनी अक्षता टाकल्या त्या बैलांवर पडल्या. रेखा अंतरपाटाआड रडत होती. लेक सासरी जाताना रडतेच, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

तरी लग्न लागलं. आता जेवण. माझी शेवटची आशा पत्रावळी! अंबडकडच्या एका बाईंनी पळसाच्या पानांच्या सुंदर पत्रावळी टाचून दिल्या होत्या. मी त्या वाळवून उकिरड्यापलीकडच्या खळ्यावर रचून ठेवल्या होत्या. आणि आता खरोखरची वावटळ आली.

खळ्यावरून ती फिरत गेली तेव्हा मला आधी कळलंच नाही. पाखरांचा थवा उठावा तशा पत्रावळी उठल्या, लिंबाच्या वर गेल्या आणि शांतपणे वाटूरच्या दिशेनं निघाल्या. पंगतीत बसलेल्या पाच गावांनी माना वर करून त्यांना निरोप दिला.

आचारी बुंदीचं टोपलं घेऊन उभा. "गुर्जी, वाढू कशात? तांब्यात?"

दादा माझ्याजवळ आला. रागावला नाही. रागावला असता तर मी काही उत्तर दिलं असतं. तो हात जोडून म्हणाला, "सुदाम, मानसं भुकी हायेत. कायबी कर, जल्दी कर."

मी व्याह्यांकडं गेलो. मान खाली. "पाव्हणं, ट्रक पाहिजे."

"कशाला?"

"बाजारातून ताटं आणायची हायेत."

"कसली?"

मी अगदी हळू सांगितलं. ते म्हणाले, "आयकू न्हाई आलं, गुर्जी." मी पुन्हा सांगितलं. "थर्माकोलची."

त्यांनी ट्रकची किल्ली काढली. स्वतः चालवायला बसले. आष्टीच्या बाजारात एकाच दुकानात ताटं होती. सगळीच्या सगळी उचलली. हलका माल, उडून जायला नको म्हणून मी मागं हौद्यात ताटांच्या गठ्ठ्यांवर पालथा झोपलो आणि दोन्ही हातांनी त्यांना कवटाळलं. असे आम्ही काळा धूर सोडत परत आलो.

फाटकापाशी, 'प्लॅस्टिक व थर्माकोलमुक्त आदर्श विवाह' या माझ्याच हातच्या फलकाखाली, आमचे शिक्षणाधिकारी उभे होते. सोबत कॅमेरावाला वार्ताहर. आदर्श लग्न बघायला या म्हणून मीच बोलावलेले! मी गठ्ठ्यांवर पडल्यापडल्याच नमस्कार केला. वार्ताहरानं फोटो काढला.

लोक जेवले. पोटभर जेवले. व्याह्यांनी स्वतः बुंदी वाढली आणि दादाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "लगीन ध्यानात ऱ्हाईल." त्यात चेष्टा किती आणि माया किती, मला आजही सांगता येणार नाही. रेखा गेली. पाहुणे गेले. ताटं राहिली.

ती चार दिवस उडत होती. विहिरीत, बोराटीच्या काट्यांत, शेजाऱ्याच्या नांगरलेल्या वावरात, शाळेच्या कौलांवर. मी आणि दादा पोती घेऊन ती वेचत फिरलो. दादाची कंबर दुखत होती तरी तो वाकत होता. दुसऱ्या दिवशी एका बांधावर बसून त्यानं घाम पुसला.

"सुदाम, एक बोलू? राग मानू नको."

"बोल."

"तू काहीच केलं नसतं ना, तं कचरा कमी झाला असता."

मी पोत्यात एक ताट टाकलं. ते वाऱ्यानं परत बाहेर आलं.

पुढच्या आठवड्यात पेपरात फोटो आला. छपाई अशी काळीकुट्ट, की थर्माकोल थेट पळसाच्या पानासारखं दिसत होतं! खाली मथळा : 'पत्रावळींचा आग्रह धरणारे आदर्श शिक्षक.' शिक्षणाधिकाऱ्यांनी खरं काय ते डोळ्यांनी बघितलं होतं. पण पेपरात आलंय म्हटल्यावर त्यांनाही आपल्या डोळ्यांची खात्री वाटेना. त्यांनी मला जिल्ह्याच्या पर्यावरण मेळाव्यात भाषणाला बोलावलं.

रात्रभर तळमळून मी ठरवलं, खरं सांगायचं. माफी मागायची. मेळाव्यात उभा राहिलो आणि पत्रिकेपासून पोत्यापर्यंत सगळं सांगितलं. अगदी मनापासून. म्हातारीच्या ओंजळीपाशी तर डोळे भरून आले.

लोक हसून हसून खुर्चीवरून पडले.

तेव्हापासून जिल्ह्यात पर्यावरणाचा कुठलाही कार्यक्रम असला की मला हमखास बोलावणं येतं. माझे विचार ऐकायला नव्हे. जेवणाला उशीर झालेला असतो, तोवर लोकांना धरून ठेवायला. मीही जातो. आणि पंगत बसली की आपल्यापुढं कसलं ताट मांडलंय तिकडं न बघता, मान खाली घालून, मुकाट्यानं जेवतो.