शहनाज आणि वाटीभर दही

सनाचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या डोळ्यांत औषध घालून त्यांना डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. "मावशी, अम्मी गेली," एवढंच ती म्हणाली, आणि मग फोनवर नुसते घरातले आवाज येत राहिले... भांड्यांचा, दार उघडल्याचा, कुणाच्या तरी हुंदक्याचा. मी "आलेच" म्हणून फोन ठेवला आणि आजोबांची तपासणी पुरी केली. असं का केलं, कोण जाणे. शहनाज असती तर म्हणाली असती, "मधू, तुला रडायलासुद्धा अपॉइंटमेंट लागते गं." जुन्या नाशकातल्या तिच्या घरी पोचले तर जिन्यापर्यंत बायका बसलेल्या. त्यांतल्या निम्म्यांची बाळंतपणं शहनाजने केलेली, आणि काहींच्या तर पोरींचीही. पुरुषमंडळी तिला कब्रस्तानात घेऊन गेली आणि मी तिच्या लेकीचा, सनाचा, हात धरून आतल्या खोलीत बसून राहिले. सना रडत होती. मला मात्र रडू येईना, कारण माझ्या डोक्यात एकच जुना प्रश्न फिरत होता आणि आता त्याचं उत्तर द्यायला कुणी उरलं नव्हतं.

तो प्रश्न पुढे येईलच. आधी शोकसभेबद्दल सांगते, कारण हे लिहायला बसले ती त्या सभेमुळे. शहरातल्या डॉक्टर मंडळींनी ती ठेवली होती. हार घातलेला फोटो, उदबत्ती, सगळं रीतसर. दोन-तीन भाषणं झाली आणि मग अणुऊर्जेविरुद्ध काम करणारे एक गृहस्थ उभे राहिले. शहनाज आणि मी ऐंशीच्या दशकात कीव्हला डॉक्टरकी शिकत होतो, चेर्नोबिलचा अपघात झाला तेव्हा तिथेच होतो, हे त्यांना ठाऊक होतं. आवाज चढवत ते म्हणाले, "डॉक्टर शहनाज या चेर्नोबिलच्या नाशिकमधल्या बळी आहेत, आणि त्यांची नोंद कुठल्याही सरकारकडे नाही!" त्यावर मागच्या रांगेतून एक निवृत्त इंजिनिअर उठले. "क्षमा करा, पण हे शास्त्र नव्हे," ते म्हणाले. "पुढे डॉक्टर माधुरीताई बसल्यात ना? त्याच खोलीत राहायच्या, तेच अन्न खायच्या. बघा, ठणठणीत आहेत!" सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. मैत्रिणीच्या शोकसभेत माझी तब्येत पुरावा म्हणून दाखवली जात होती, आणि मी बावळटासारखी मान खाली घालून बसले. दोघंही आपापल्या परीने प्रामाणिक होते, हे मला कळत होतं. पण इंजिनिअरसाहेबांची एक गोष्ट साफ चूक होती, आणि ते त्या सभागृहात फक्त मला ठाऊक होतं. आम्ही तेच अन्न खात नव्हतो.

शहनाज येवल्याची. वडिलांचं पैठण्यांचं दुकान, घरात मागाचा खटखटाट, आणि या सगळ्यात ही मुलगी रशियन शिकून डॉक्टर व्हायला निघालेली. मी नाशिकची, मास्तरांची मुलगी. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला दिल्लीत भेटलो आणि "तू पण नाशिक जिल्ह्याची?" या एका वाक्यावर जन्माची मैत्री झाली. कीव्हच्या हॉस्टेलात आमची खोली एक, स्टोव्ह एक, भांडणंही ठरलेली. ती नमाजाला उठली की मी पांघरुणातून कुरकुरायची, मी चतुर्थीला साबुदाणा शोधत हिंडायला लागले की ती म्हणायची, "तुझ्या गणपतीला बटाटा चालत नाय का? त्याला सांग, पोरगी परदेशात हाय." खाण्यात मात्र आम्ही दोन टोकांच्या होतो. दूध-दही लहानपणापासून माझ्या घशाखाली उतरत नाही, चहासुद्धा मी बिनदुधाचा पिते. आणि शहनाजला दह्यावाचून जेवण म्हणजे शिक्षा. तिथे मिळणारं आंबवलेलं दूध तिला पसंत नव्हतं. "हे दही नाय, हे दह्याचं भूत हाय," असं तिचं मत होतं. मग माझ्या आईने एक युक्ती केली. स्वच्छ सुती फडकं दह्यात भिजवून, सावलीत कडक वाळवून, त्याची घडी पाकिटात घालून पाठवून दिली. पूर्वी बायका लांबच्या प्रवासाला विरजण असंच न्यायच्या. त्या फडक्याचा तुकडा मी कोमट दुधात सोडला आणि दुसऱ्या दिवशी कीव्हच्या त्या खोलीत अस्सल घरचं दही लागलं. शहनाजने मला उचलून गोल फिरवलं होतं. तेव्हापासून दही लावणं माझ्याकडे आलं. जिनसेचा स्वतःला तिटकारा, पण मैत्रिणीसाठी लावायची हौस मोठी.

शहाऐंशी सालच्या त्या वसंतात शहनाजचे रोजे चालू होते. रमजान यायचा होता, पण मागच्या रमजानात बायकांचे जे रोजे राहून जातात ते पुढचा रमजान लागायच्या आत पुरे करायचे असतात. परीक्षांच्या नादात तिने ते शेवटपर्यंत टाळले होते आणि आता एकामागून एक धरत होती. दिवस तिकडे मोठे, अभ्यासाचा ताण. पहाटेच्या सेहरीला तिच्या पोटात काहीतरी गार, पोटभरीचं जावं म्हणून मी रोज दही लावायची. दुकानातलं दूध पातळ वाटायचं. म्हणून बाजारात खेड्यातून येणारी एक म्हातारी मी हेरून ठेवली होती. तिचं दूध दाट, पिवळसर, थेट आपल्या गवळ्याकडच्यासारखं. त्या दुधाचं दही असं लागायचं की भांडं उलटं केलं तरी सांडू नये. मला त्याचा केवढा अभिमान! त्याच दिवसांत शंभरेक किलोमीटरवर अणुभट्टी फुटली होती आणि आम्हाला कुणी काहीही सांगितलं नव्हतं. एक मेची मिरवणूक झाली, आम्ही रस्त्याकडेला उभं राहून हात हलवले. नंतर अफवा आल्या, मग टँकर येऊन रस्ते धुऊ लागले, मग कुणीतरी म्हणालं की खिडक्या बंद ठेवा, पालेभाजी खाऊ नका आणि खेड्यातलं दूध तर अजिबात घेऊ नका. हवेतून पडलेलं किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर, गवतातून गाईत, गाईतून दुधात आणि दुधातून माणसाच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जातं, हे आमच्याच एका प्राध्यापकांनी दबक्या आवाजात समजावलं. मी शहनाजकडे बघितलं. ती वहीत काहीतरी लिहीत होती, तिने मान वर केली नाही. खोलीवर येऊन मी ते फडकं कचऱ्यात टाकलं. त्यावर आम्ही एक अक्षर बोललो नाही... ना तेव्हा, ना पुढे कधी.

सुट्टीत घरी आलो तर इथे वेगळीच तऱ्हा. माझ्या काकूने मला अंधारात उभं करून बघितलं, चमकते की काय म्हणून! यावर आम्ही दोघी पुढे कित्येक वर्षं हसत आलो. येवल्यात मात्र हसण्यासारखं नव्हतं. शहनाजला सांगून आलेली दोन स्थळं "पोरीला किरणं लागलीत" म्हणत परत गेली. "ज्याला डॉक्टर सून नको, त्याला माझी पैठणीही विकणार नाय," असं तिच्या अब्बांनी बाजारपेठेत जाहीर केलं होतं. पुढे तिला रफीकभाईंसारखा भला माणूस मिळाला, सना झाली, दवाखाना नावारूपाला आला. दिवस भराभर गेले. मी दह्याचं विसरले असं म्हणणार नाही, पण आठवण काढायची नाही असं मनाशी पक्कं केलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं काहीसं.

पंचेचाळिशी उलटल्यावर एके दिवशी ती माझ्या दवाखान्यात आली, दार लावून घेतलं आणि माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. सुपारीएवढी गाठ होती. थायरॉइडचाच कर्करोग. त्यानंतर मी वेड्यासारखं वाचत सुटले. चेर्नोबिलने किती माणसं मारली, या साध्या प्रश्नाला साधं उत्तर नाही. कुणी फक्त आगीत आणि त्यानंतर इस्पितळात दगावलेले मोजतं आणि काही डझनांवर थांबतं, कुणी हजारांत बोलतं, कुणी लाखांच्या घरात जातं. त्या ओसाड जंगलात आता लांडगे आणि हरणं सुखाने नांदतात म्हणून कुणी निर्धास्त होतं, तर कुणी तिथले पक्षी आणि किडे कमी झाल्याचं दाखवतं. लहान मुलांमध्ये थायरॉइडचे कर्करोग वाढले हे बहुतेक सगळे मानतात. पण आमच्यासारख्या विशीतल्या मुलींचं काय, इथे पुन्हा वाद. मी प्रत्येक पान एकाच लोभाने वाचत होते, की कुठेतरी लिहिलेलं असावं, ते दही निर्दोष होतं. कधी तसं वाटायचं, आणि पुढच्याच पानावर ते हातून निसटायचं. शहनाजला मात्र या वादात रस नव्हता. दोन्ही बाजूंचे लोक तिला भाषणाला बोलवायचे आणि ती दोघांनाही नाही म्हणायची. "माझ्याकडे लासलगावची एक पेशंट येते," ती मला म्हणाली होती. "हीच गाठ, हीच जागा. ती मनमाडच्या पुढे जन्मात गेली नाय. तिला कुणाचा बळी म्हणायचं?"

ऑपरेशननंतर मुंबईच्या इस्पितळात तिला तेच किरणोत्सर्गी आयोडीन औषध म्हणून प्यायला दिलं. काही दिवस एकटीने खोलीत राहायचं, आत कुणी जायचं नाही. मी बाहेर बाकावर बसून तिच्याशी फोनवर बोलत होते. "काट्यानं काटा काढतायत बघ," ती हसत म्हणाली. मध्ये ते जाडजूड दार होतं, तिचा चेहरा दिसत नव्हता. विचारायचं तर आत्ताच, असं मला वाटलं. "शहनाज, तुला कधी असं वाटलं का गं की..." एवढंच मला म्हणता आलं. पलीकडून ती म्हणाली, "मधू, घरी आले की दही लावशील? तुझ्या हातचं लय दिवसांत खाल्लं नाय." त्या बाकावर बसून मी जे रडले, ते सुटकेचं रडणं होतं.

आणि ती खरंच आली. बरं वाटल्यावरच्या पहिल्या रविवारी आली आणि मग जवळजवळ दर रविवारी येत राहिली. माझ्या गंगापूर रोडच्या घरी, स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत. मी दही लावायची, ती वाटीभर खायची, "वा गं मधू" म्हणायची, मग आम्ही पेशंटांच्या, पोरांच्या, गुडघ्यांच्या गप्पा मारायचो. जिला त्या दह्याबद्दल संशय असेल ती इतकं आवडीने खाईल का? हा माझा हिशोब. कित्येक वर्षं मी त्या हिशोबावर निर्धास्त झोपले, आणि तो अर्धा राहिलेला प्रश्न पुन्हा कधी विचारलाच नाही. आजार परतला, फुप्फुसात गेला, तेव्हाही ती येत होती. चालवेनासं झालं तरी रिक्षा करून.

शहनाजचा चाळिसावा दिवस झाल्यावर सना मला भेटायला आली. रविवारच होता आणि सवयीने माझ्याकडे दही लागलेलं होतं. मी वाटी भरून तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "घे, तुझ्या अम्मीचं आवडतं."

सना हसली. "अम्मीचं? मावशी, अम्मी दही कुठे खायची?"

"म्हणजे?"

"आमच्या घरात दही कधी येतच नव्हतं. मला कळतंय तेव्हापासून. बिर्याणीबरोबर रायतंसुद्धा नाही. अब्बा बाहेर जाऊन लस्सी पिऊन यायचे, तर ती त्यांना चूळ भरायला लावायची. वासाने मळमळायचं तिला." माझा चेहरा बघून ती थांबली. "मावशी... ती तुमच्याकडे खायची?"

मी मान हलवली. सना हळूच म्हणाली, "म्हणून रविवारी घरी आली की पडून राहायची. रात्री जेवायचीच नाही. आम्हाला वाटायचं, मावशीने काहीतरी भारी खाऊ घातलं असेल. पण का खायची?"

मी तिला म्हणाले की माझं मन राखायला, आणि सनाला वाटलं मी शिष्टाचाराचं बोलतेय. पुढचं सांगायचं धैर्य मला झालं नाही. म्हणून सना, इथे लिहिते आहे. तू हे वाचशील. कीव्हच्या त्या दुधाने तुझ्या अम्मीला आजार दिला की नाही, हे जगातला कुठलाही शास्त्रज्ञ तुला सांगू शकणार नाही. पण तिला स्वतःला तसं वाटत होतं, आणि ते दूध आणणारी, ते दही लावणारी मी होते. त्या फोनवर मी अर्धंच वाक्य बोलले, पण तिला पुरं कळलं होतं. इतक्या वर्षांत तिने जे तोंडाला लावलं नव्हतं, ते दर रविवारी माझ्या घरी येऊन खाल्लं, मला बरं वाटावं म्हणून. आणि माझा कोडगेपणा बघ, मी तिला वर आग्रह करायची.

आता मी दही लावत नाही. रविवार आला की त्या खुर्चीकडे बघवत नाही, आणि ती तिथून हलवतही नाही. तिची एक लकब सारखी डोळ्यांपुढे येते. वाटी संपली की ती चमच्याने खरवडून अगदी स्वच्छ करायची आणि तिरकी करून मला दाखवायची. मला वाटायचं, दाद देतेय. कडू औषध पिऊन झाल्यावर मूल आईला कप दाखवतं ना, तशी दाखवायची ती वाटी, आणि मी खूश होऊन विचारायची, "अजून वाढू?"