प्रिंटर पोर्टाला जोडलेल्या कोंबड्या

जयसिंगपूरहून निघालो तेव्हा भाड्याची सुमो दारात उभी होती आणि आई ड्रायव्हरला जेवायला बसवत होती. दिवस मावळायला थोडाच वेळ उरला होता. आमच्या जैन घरात सूर्यास्तानंतर जेवण नाही, आणि आमच्यामुळे परक्या माणसानंही वाटेत अंधारात कुठंतरी खाऊ नये असं तिला वाटत होतं. माझी बायको मंजिरी बॅगांना दोरी बांधत होती. सात वर्षांची सई शेजारच्यांच्या जिन्यात जाऊन बसली ती शेवटपर्यंत बाहेर आली नाही. मी एकोणचाळीस वर्षांचा होतो. तंत्रनिकेतनातली शिकवण्याची नोकरी, तिथं बिनपगारी रजा टाकून अमेरिकेत पीएच.डी. करायला चाललो होतो. या वयात लोक मुलांना पाठवतात. आई एवढंच म्हणाली, "तिथं दिवस कधी मावळतो ते आधी बघून घे."

स्टेट कॉलेज नावाच्या त्या अमेरिकन गावात पोचल्यावर बघितलं. डिसेंबरात पाचच्या आत अंधार, जूनमध्ये जवळजवळ नऊपर्यंत उजेड. हिवाळ्यात क्लासमधून धावत येऊन चार वाजता वरणभात खाणारा माणूस बघून माझे तीन रूममेट आधी हसले, मग त्यांना सवय झाली. सगळे तेवीस-चोवीसचे. नागपूरचा अभिजीत पहिल्या दिवशी मला सर म्हणाला, दुसऱ्या दिवसापासून काका. शुक्रवारी ते चिकन करत. भांडी वेगळी ठेवायची असं ठरलं होतं, ठेवत कोणी नव्हतं. चरबीचा पिवळा थर धरलेली कढई सिंकमध्ये दोन-दोन दिवस पडून असायची आणि तिच्याशेजारी मी श्वास रोखून माझा कुकर धुवायचो. परदेशात जी किळस सोसायची ती एवढीच, असं तेव्हा वाटायचं.

माझी फी आणि घरखर्च ज्या असिस्टंटशिपवर चालायचा, ती शेतीच्या इंजिनिअरिंगमधल्या एका प्रोफेसरांकडे होती. विषय होता बंदिस्त जागेतलं तापमान. कसली बंदिस्त जागा, हे मी विचारलं नव्हतं. एका सकाळी त्यांच्या गाडीतून गावाबाहेर गेलो आणि उतरलो तर समोर कोंबड्यांची शेड. मांसासाठी वाढवलेल्या पांढऱ्या कोंबड्या, नजर जाईल तिथपर्यंत. दार उघडल्याबरोबर अमोनियाचा भपकारा आला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. जमिनीवर ओला भुसा, विष्ठा, पिसं. काही कोंबड्या मेलेल्या, बाकीच्या त्यांच्या अंगावरून चालत होत्या. मी बाहेर येऊन कुंपणापाशी ओकलो. प्रोफेसर मायेनं म्हणाले, "पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं."

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण पुढच्या वर्षीही असिस्टंटशिप मिळाली तरच मंजिरीला आणि सईला व्हिसा मिळणार होता. नाही मिळाली तर मी परत जयसिंगपूरला, वर्ष वाया घालवून. सई फोनवर यायची बंद झाली होती. मंजिरी सांगायची, "ती म्हणते, बाबांना सांग मी झोपलेय." पाठीमागून टीव्ही आणि सईचं हसणं ऐकू यायचं.

काम माझ्या हातचं होतं. मोजमापाचं तयार यंत्र महाग, म्हणून मी म्हणालो, मी करून देतो. जुन्या कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरसाठी पंचवीस पिनांचा पॅरलल पोर्ट असायचा. त्याला प्रिंटरच लावायचा असं काही नाही. प्रोग्रॅम लिहून त्याची एकेक पिन हवी तेव्हा चालू-बंद करता येते. तापमानाचे छोटे सेन्सर दोनच तारांवर ओळीनं जोडायचे: एक तार ताल धरते, दुसरीवरून एकामागून एक बिट जातात. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा नंबर. ज्याचा नंबर पुकारला त्यानं उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. वर्गातल्या हजेरीसारखं. हे मी कित्येक वर्षं मुलांकडून प्रॅक्टिकलमध्ये करून घेतलं होतं.

लॅबच्या टेबलावर आठही सेन्सर शहाण्यासारखे बोलले. शेडमध्ये लांब केबल ओढून टांगले तर पहिले तीन तेवढे बोलले. चौथ्यापासून पुढं कधी उत्तर, कधी काहीच नाही, कधी उणे अठ्ठावन्न अंश. बाजूच्या खोलीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कॉम्प्युटर आणि आत ती शेड, यांच्यामध्ये मी मल्टीमीटर घेऊन आठवडाभर येरझाऱ्या घातल्या. धूळ घामावर बसून तिची पेस्ट व्हायची. कोंबड्या बुटाची नाडी टोचायच्या. घरी आलो की अभिजीत दारातूनच ओरडायचा, "काका, यार, सोफ्यावर नको. आज तर ए-ग्रेड परफ्यूम आहे." मी अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली उभा राहायचो. वास नाकातच बसलेला असायचा, तो साबणानं जात नाही.

चूक सापडली तेव्हा हसावं की रडावं कळेना. सेन्सरना लागणारी वीजही मी पोर्टाच्याच पिनांमधून घेतली होती. आम्ही तंत्रनिकेतनात तसंच करायचो. लॅबचे पॉवर सप्लाय कपाटात, कपाटाची किल्ली विभागप्रमुखांकडे, आणि किल्ली मागणं म्हणजे त्यांचं अर्ध्या तासाचं भाषण. मग पोर्टातूनच वाटीभर वीज काढायची आणि प्रॅक्टिकल भागवायचं. त्याचा आम्हाला अभिमान होता. एका सेन्सरला ती पुरते. एवढ्या लांब तारेवर आठ लावले की शेवटचे उपाशी. प्रोफेसरना सांगितलं तर त्यांना कळेचना. "वेगळा सप्लाय का नाही घेतलास? कपाट तर उघडंच असतं." मागितल्यावर मिळतं, ही शक्यताच माझ्या डोक्यात आली नव्हती.

वेगळा सप्लाय लावला, पुकारण्याचा वेग कमी केला, आणि आठही जण बोलायला लागले. त्यांच्या आकड्यांवर पंखे चालू-बंद होऊ लागले. शेडच्या मधोमध जिथं हवा कोंडून पक्षी मरायचे, तिथलं मरण कमी झालं. मी जन्मात पहिल्यांदा कोंबड्यांकडे बघून हसलो. जीव वाचवतोय असं वाटलं, आणि तसं वाटायला मला फार हवं होतं.

पुढच्या महिन्यात प्रोफेसरनी बोलावून घेतलं. "हवा इतकी छान राखता येते म्हटल्यावर मालक त्याच शेडमध्ये आणखी पक्षी घालणार आहे. हे तुझ्या आकड्यांमुळे. तुझं पुढचं वर्ष नक्की." दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या. मी थँक यू म्हणालो.

नवी खेप आली तेव्हा भुसा दिसेनासा झाला. नुसत्या पाठी. एकीच्या पाठीवर चढून दुसरी सेन्सरची तार टोचायची, म्हणून मला सगळे सेन्सर वर उचलून बांधावे लागले. आकडे मात्र सुंदर. गर्दी वाढली तरी तापमानाची रेघ सपाट. त्या रेघेवर मी पेपर लिहिला.

अभिजीतला एकदा बोललो. तो म्हणाला, "काका, तुम्ही नाही केलं तर दुसरा कोणी करेल. आणि आम्ही खातोच की."

"तू खातोस ते निदान तुझ्या ताटात दिसतं," मी म्हणालो.

पुढच्या शुक्रवारी त्यानं कढई लगेच घासून ठेवली. मला त्याचीही लाज वाटली.

मंजिरी आणि सई आल्या. बिल्डिंगच्या तळघरात कपडे धुवायची खोली होती, तिथं कपडे बदलूनच मी वर जायचो. तरी तिसऱ्या दिवशी मंजिरीनं विचारलं, "हा वास कसला?" मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ सईच्या वेणीतला गुंता सोडवत राहिली. मग म्हणाली, "अजून किती वर्षं?"

"तीन."

"आईंना सांगू नका." त्या दिवसापासून ती माझे कपडे वेगळ्या पिशवीत बांधून वेगळे धुवायला लागली. हातमोजे घालून. तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी आधी आरशात बघितलेलं होतं.

पीएच.डी. झाली, अमेरिकेतच चँडलर नावाच्या गावी चिप डिझाइनची नोकरी लागली. इथं काही कुजत नाही, ऑफिसला कसलाच वास नाही. नव्या कॉम्प्युटरना तो पोर्टही नसतो. गेल्या वर्षी तिघं जयसिंगपूरला गेलो. बस्तीतल्या म्हणजे आमच्या मंदिरातल्या बायका घरी आल्या होत्या. सई लहानपणी अमेरिकेतून फोनवर आजीला काय सांगत होती ते मला तिथं कळलं: बाबा कोंबड्यांना हॉट होऊ देत नाहीत.

आई बायकांना सांगत होती, "मुके जीव उकाड्यानं मरू नयेत म्हणून हा तिथं राखण करायचा. एवढं शिकून."

मी म्हणालो, "आई, मी फक्त तापमान मोजायचो."

"बघा," आई त्यांना म्हणाली, "कधी आपण होऊन मोठेपणा सांगणार नाही." एका म्हाताऱ्या काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मंजिरी उठून आत गेली. सई माझ्याकडे बघत होती. ती आता तेवढी लहान नाही. "डॅड, टेल देम," ती हळूच म्हणाली. मी तिला पाणी आणायला पाठवलं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे परदेशी गेले, त्यांना घराबद्दल लिहायला सांगितलं तर ते अंगण लिहितील, माणसं लिहितील. मला ते लिहवत नाही. जयसिंगपूरच्या त्या बैठकीत माझ्याबद्दल जेवढं चांगलं बोललं जातं तेवढं जगात कुठंही बोललं जात नाही, आणि म्हणून तीन आठवड्यांच्या वर मला तिथं राहवत नाही. चँडलरच्या घरात मी कोण आहे ते दोघींना ठाऊक आहे. इथं अन्न गोड लागतं असं नाही, पण गिळता येतं. मला विचाराल तर घर म्हणजे सध्या तेवढंच.

गेल्या रविवारी आईनं फोनवर विचारलं, "कायमचा कधी येतोस?" सईची शाळा आहे, असं मी सांगितलं. तिला ते पटलं.