टिंबावर संतापलेल्या वन्सं

आमच्या वन्संइतका मन लावून संतापणारा माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात सापडायचा नाही, आणि खालापूर तालुका जमेस धरला तरी माझं मत बदलणार नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर भिसेगावात आमच्याच वरच्या मजल्यावर राहायला आल्या. इतरांना राग येतो आणि जातो. वन्संचा राग सामानसुमान घेऊन मुक्कामाला येतो. शेजारच्या सोसायटीनं फाटकावर 'सुचना' असं ऱ्हस्व लिहिलं, तर वन्सं स्वतः रंगाची डबी आणि ब्रश घेऊन गेल्या आणि वॉचमनच्या डोळ्यांदेखत तो उकार दीर्घ करून आल्या. लोधिवलीला एका लग्नात मुहूर्त टळून गेला, तेव्हा सगळे अक्षता मुठीत धरून गप्प उभे असताना यांनी गुरुजींना खणखणीत आवाजात विचारलं, "पत्रिकेत बारा सतरा छापलंय. आता बारा एकेचाळीस झालेत. हे लग्न तुम्ही कुठल्या वेळेवर लावताय?" वरमाय आमच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती आठवली की अजून माझ्या घशाखाली जिलबी उतरत नाही.

माझी मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जुना लॅपटॉप घरी ठेवून गेली. वन्संनी तो पुसून घेतला, वर नेला आणि एका अजगराचं नाव लावणारी ती कॉम्प्युटरची भाषा स्वतःची स्वतः शिकायला बसल्या. जिना चढताना मला त्यांचा आवाज ऐकू यायचा. मशीनशी त्या थेट एकेरीत बोलत. "गाढवा, कंस उघडलायस तो बंद कोण करणार, मी?" पण मनातून खूष होत्या. म्हणायच्या, "नीला, हे चुकलं की लगेच सांगतं गं. कितव्या ओळीत चुकलं तेसुद्धा. इतका प्रामाणिक सहकारी मला शाळेत एक मिळाला नाही." आळीतल्या बायका हसायच्या, "या वयात कशाला हे उद्योग?" मला याची भयंकर चीड आहे. दुपारभर टीव्हीपुढे लोळणाऱ्यांना कुणी वय विचारत नाही. साठी उलटलेल्या बाईनं डोकं चालवलं की लगेच सगळ्यांना तिच्या वयाची काळजी!

हसणं बंद झालं ते कशेळ्याच्या डॉक्टरीणबाईंमुळे. त्यांची जीप दर गुरुवारी डोंगरातल्या वाड्यांवर औषधं घेऊन जाते. कुठल्या वाडीत कोणाला कुठली गोळी द्यायची, याची यादी त्या वहीत ठेवत आणि वही दर पावसाळ्यात भिजे. वन्संनी त्यांना प्रोग्रॅम लिहून दिला. नर्सबाईंनी फोनवर माहिती भरायची, आणि गुरुवारी सकाळी वाडीवार यादी छापून ड्रायव्हरच्या हातात. सहा महिने सगळं सुरळीत चाललं. वन्सं तेवढा काळ बऱ्याच कमी रागावल्या. आम्हाला तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं होतं.

मग एका शनिवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. चांगुणा नावाच्या बाईला फिट्सचा आजार होता, गोळी रोज लागायची. ती नवऱ्याच्या वाडीतून डोंगरापलीकडे माहेरच्या वाडीत राहायला गेली होती. नर्सबाईंनी वाडी बदलली होती, फोनवर 'बदल झाला' असं आलंही होतं. तरी जीप दोन गुरुवार जुन्याच वाडीत गेली आणि ड्रायव्हरनं 'गैरहजर' लिहिलं. इकडे चांगुणा दोन्ही गुरुवारी रस्त्याच्या कडेला बसून राहिली. गोळ्या संपल्या, विहिरीवर फिट आली, दगडावर पडली आणि कपाळाला पाच टाके पडले.

वन्संनी फोन ठेवला. त्या दिवशी आमच्याकडे माझा मुंबईचा भाचेजावई आला होता. तो कॉम्प्युटरच्याच धंद्यातला. चहा पितापिता म्हणाला, "यूजरनं नीट भरलं नसेल हो."

"यूजर?" वन्सं उठूनच उभ्या राहिल्या. "एका बाईचं कपाळ फुटलंय आणि तुम्ही मला यूजर सांगताय?" बशीतलं बिस्कीट तसंच टाकून त्या वर गेल्या.

दुपारी त्या तरातरा खाली आल्या त्या सरळ माझ्या स्वयंपाकघरात. मिसळणाचा डबा ओढून पुढ्यात घेतला. "नीला, नीट ऐक. मी तुला सांगितलं, कपाटातल्या डब्यातल्या वाटीत मोहरी घाल. तू काय करशील?"

"कपाट उघडेन, डबा उघडेन, वाटीत घालेन."

"माणूस आहेस म्हणून! माझ्या त्या प्रोग्रॅमनं काय केलं? डब्याला हातच लावला नाही. कपाटात एक नवीनच वाटी ठेवली, तिच्यावर चिठ्ठी चिकटवली, 'डब्यातली वाटी', आणि मोहरी तिच्यात ओतली. वर मला सांगतो, झालं!"

मग मला उलगडलं. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक माणूस म्हणजे एक वस्तू, तिच्या आत पत्ता ही दुसरी वस्तू आणि पत्त्याच्या आत वाडी. नर्सबाईंच्या फोनवरून नाव यायचं 'पत्ता टिंब वाडी'. वन्संनी मशीनला हुकूम दिला होता, या नावाच्या जागी हे लिही. त्यांना वाटलं होतं, टिंब दिसलं की ते एकेक पायरी आत उतरेल. त्यानं ते टिंबासकट अख्खं एकच नाव धरलं आणि चांगुणाच्या अंगावर नवी पाटी लावून ठेवली. पत्त्याच्या आतली जुनी वाडी जशीच्या तशी राहिली, आणि यादी छापली जायची ती तिथून. वय बदललं, फोन नंबर बदलला, तेव्हा सगळं बरोबर झालं होतं, कारण त्या नावांत टिंबच नव्हतं. वाडी बदलणारी चांगुणा पहिलीच.

"चुकला तर चुकला," वन्सं डब्यावर हात आपटत होत्या, "पण ओरडायचं तरी! सगळ्या बारीकसारीक चुकांना बोंबलणारा हा, आणि इथं मूग गिळून बसला?" मोहरी ओटाभर उडाली.

दुरुस्ती पाच-सहा ओळींची निघाली. नाव टिंबापाशी तोडायचं, एकेक वस्तू उघडत आत जायचं आणि शेवटच्या नावाशी पोचल्यावरच लिहायचं. भाचेजावई दारातून म्हणाला, "मधली वस्तू नसली तर आपोआप तयार करून टाका, म्हणजे अडणार नाही." वन्संनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं चारची गाडी गाठायचं ठरवलं. "अडलंच पाहिजे," त्या म्हणाल्या. "माणसाचा पत्ताच सापडत नसेल तर थांबून विचारलंच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन निघाल्या. कशेळ्यापर्यंत माणसं कोंबून नेणारं वडाप, पुढे डॉक्टरीणबाईंच्या जीपनं, आणि शेवटचा चढ पायी. मी सारखी म्हणत होते, "अहो वन्सं, डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पोचवल्यात. तुमचे गुडघे बघा." त्या पुढे चढत राहिल्या.

चांगुणा अंगणात नाचणी पाखडत होती. कपाळावर पट्टी. वन्संनी तिच्यापुढे उभं राहून, शाळेत फळ्यापुढे उभ्या राहत तशा, सांगितलं, "यादी मी केली होती. चूक माझी आहे." आणि मग न राहवून टिंब, पत्ता, वाडी, सगळं समजावलं. चांगुणानं सूप खाली ठेवून ऐकून घेतलं.

"नर्सबाई लिवत व्हती तवा मी बगत व्हते," ती म्हणाली. "म्हनलं, काय लिवलंस ते वाचून दाव. ती म्हनली, झालंय. आता झालंय म्हनल्यावर आमी काय बोलनार? वाचून दावलं आसतं, तर मी सांगितलं नसतं का, ही वाडी माजी नाय म्हनून?"

वन्संनी पिशवीतून वही काढली आणि तिथंच लिहून घेतलं: बदल केल्यावर पत्त्याच्या आतून वाडीचं नाव परत काढायचं, पडद्यावर दाखवायचं आणि नर्सबाईंनी ते मोठ्यानं वाचायचं. चांगुणानं आम्हाला कोरा चहा दिला. निघताना म्हणाली, "पुन्यांदा चढू नका बाई. उतरताना पाय वाकडा पडंल." आता नर्सबाई तसंच वाचतात. जीप पलीकडच्या वाडीत जाते आणि चांगुणाचा एकही गुरुवार चुकलेला नाही.

त्या दिवशी परत येताना कशेळ्याच्या नाक्यावर आम्ही वडापची वाट बघत बसलो होतो. वन्संच्या चपलांना लाल माती लागली होती. मला वाटलं, आता त्या वडापवर चिडतील. पण त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "नीला, इतकी वर्षं मी प्रत्येक तासाला 'समजलं का' असं विचारलं. मुलं म्हणायची 'हो बाई', आणि मी पुढचं गणित घ्यायची. करून दाखव, असं किती जणांना म्हटलं असेन?"

"अहो, एका वर्गात साठ-साठ पोरं," मी चिडूनच म्हणाले. "कोणाकोणाला विचारणार होता?"

"डोंगरावरून एक मुलगी यायची. शेवटच्या बाकावर बसायची. 'हो बाई' सगळ्यात आधी तीच म्हणायची. सहामाहीत नापास झाली आणि यायचीच बंद झाली." त्या समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "मघापासून आठवतेय. तिचं नाव काही केल्या आठवत नाही गं."

वडाप आलं. मी त्यांना हात दिला, आणि एरवी तो झिडकारणाऱ्या वन्संनी तो धरला.