वरून न दिसणारा गाळा

माझं काम मला घरी कधीच नीट सांगता आलं नाही. उपग्रहावर एक यंत्र असतं. जमिनीवर पडून पुन्हा वर निघालेला सूर्यप्रकाश ते पकडतं, त्याचे रंग सुटे करतं आणि कुठला रंग किती कमी पडला ते बघतं. हवेतले काही वायू ठरावीक रंग शोषून घेतात. त्यावरून जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेत कुठला वायू किती आहे ते काढता येतं. नाशिक जिल्ह्यापुरतं हे काम मी करते, गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून.

माझा थोरला भाऊ सातपूरला राहतो. खाली पत्र्याचा गाळा, वर घर. गाळ्यात नट-बोल्टवर जस्ताचा मुलामा देतात, आणि त्याआधी गंज काढायला सगळा माल अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवतात. टाकीची वाफ आधी डोळ्यांत जाते, मग घशात. वडील गेल्यावर गावाकडचं, देवळ्याचं घर बंद करून दादानं आईला स्वतःकडे आणलं होतं. शेजारी, भिंतीला भिंत लागून, एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको राहायचे. आम्ही त्यांना सर आणि काकू म्हणायचो.

काकूंना दमा होता. गाळ्याचा पंखा वाफ बाहेर फेकायचा तो नेमका त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर. सरांनी आधी हात जोडून सांगितलं, पंखा दुसरीकडे वळवा. दादा म्हणाला, "दुसरीकडं रस्ता आहे सर. लोकांना त्रास होईल." मग सर कॉलनीत चारचौघांत बोलायला लागले, तसा दादा बिथरला. सर फाटकातून बाहेर पडले की गाळ्यातली सगळी माणसं एकदम खोकायची. दादानं शिकवलं होतं. आई वरच्या गॅलरीत उभी राहून हे बघायची आणि हसायची. हसता हसता तिलाच उबळ यायची, मग आत जाऊन पाणी प्यायची.

एका रविवारी दादा आमच्याकडे जेवायला आला होता. लॅपटॉपवर नकाशा उघडा होता.

"यात सातपूर कुठंय?"

मी बोट ठेवलं. तिथला चौकोन फिकट पिवळा होता.

"लाल नाही म्हणजे चांगलंच की."

"तसं नाही दादा. हा एकच चौकोन कित्येक किलोमीटरचा आहे. यात तुझी गल्ली आली, धरणाकडची शेतं आली, सगळं मिळून एकच रंग. शिवाय उपग्रह दुपारी जातो, तोवर ऊन तापून खालची हवा वर जाऊन वाऱ्यानं पांगलेली असते. आणि तुझ्या टाकीची वाफ या यंत्राला ओळखताच येत नाही."

तो मान डोलावत ऐकत होता. मी पोळ्या आणायला आत गेले तेवढ्यात त्यानं मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला. पोरांना दाखवायचंय म्हणाला, आत्या काय काम करते ते.

पुढच्या आठवड्यात त्यानं मला कॉलनीतल्या मारुती मंदिरात बोलावलं. सरांना तुला काही विचारायचंय म्हणाला, आणि ते खरंच होतं. सभामंडपात पोचले तर कॉलनीची बैठक भरलेली आणि खांबाला फ्लेक्स बांधलेला. त्यावर माझा नकाशा, वर मोठ्या अक्षरांत 'आपल्या सातपूरची हवा शुद्ध', आणि कोपऱ्यात हात जोडलेला दादा.

सर उठले. त्यांनी माझ्याशी अतिशय अदबीनं बोलायला सुरुवात केली.

"ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. एवढंच सांगा, या नकाशात यांचा गाळा दिसतो का?"

"नाही सर. दिसूच शकत नाही, कारण..."

"ऐकलंत?" दादा म्हणाला. "आकाशातून दिसत नाही, पण सरांना चष्म्यातून दिसतं."

मंडप हसला. मी आवाज चढवून बोलत राहिले, चौकोनाचं, दुपारच्या हवेचं, न दिसणं म्हणजे नसणं नव्हे हे सगळं. पण चहा आला होता आणि लोक उठले होते. मागच्या खुर्चीवर काकू मुठीत दम्याचा पंप धरून बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "काकू, एकदा खोकून दाखवा की." पुन्हा हशा झाला. त्यांना खरंच खोकला लागला आणि तो थांबेना. सरांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी जिन्यात मी दादाला गाठलं. तो शांत होता. "मी काय खोटं बोललो? तू म्हणालीस तेच म्हणालो."

मग मी जमिनीवरून मोजायचं ठरवलं. हवेतले बारीक कण आणि वाफेचे थेंब मोजणारं एक डबीएवढं यंत्र आणून आईच्या गॅलरीत टांगलं. काही दिवसांनी त्यातून येणारे आकडे विचित्र वाटले म्हणून बघायला गेले, तर आईनं ते फडक्यात गुंडाळून, वरून प्लास्टिकची पिशवी घालून, सुतळीनं घट्ट बांधलं होतं.

"आई, हे काय केलंस?"

"घरातलं बाहेर कशाला दाखवायचं? त्या मास्तरला तेवढंच पाहिजे हाय."

पावसाळा संपायच्या आत सरांनी घर विकायला काढलं. घेतलं दादानंच. दुसरं कुणी तिथं राहायला तयार नव्हतं, आणि हे त्यानं सरांना तोंडावर सांगितलं. मधली भिंत पाडून तिथं त्यानं दुसरी टाकी बसवली. काकूंचं स्वयंपाकघर होतं तिथं.

आईला जिना चढवेना तेव्हा तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यावर लावला आणि विचारलं, "या कुठल्या कारखान्यात होत्या का?"

"नाही हो," दादा म्हणाला. "गावाकडं जन्मभर चूल फुंकली तिनं."

मी शाळेत असल्यापासून आमच्याकडे गॅस होता. मी म्हणाले, "डॉक्टर, घराखाली अ‍ॅसिडच्या..."

आईनं माझा हात दाबला. "तिला काय विचारता? ती आकाशातलं बघती. चुलीचंच हाय ते."

डॉक्टरांनी चुलीचा धूर असं लिहिलं.

दादा गाडी आणायला गेला तेव्हा मी तिला म्हटलं, माझ्याकडे चल. ती धापा टाकत बाकावर बसली होती. "तुझ्याकडं येऊन लोकांना काय सांगू? पोरानं घुसमटवलं म्हणून?" मग म्हणाली, "तू तर मंदिरात सगळ्यांसमोर सांगायलाच निघाली होतीस."

ती सातपूरलाच राहिली. ऑक्सिजनचं मशिन उशाशी, खिडक्या बंद, खाली दोन टाक्या चालू. पुढच्या थंडीत गेली. शेवटच्या दिवसांत मी जवळ बसले की ती भिंतीकडे तोंड करायची. दादा आला की पुन्हा वळायची.

तेराव्याला गल्लीत मांडव होता. सर आले. दादा त्यांच्या पाया पडला, आणि सरांनी त्याला पडू दिलं. मग ते माझ्याजवळ येऊन बसले.

"तुमच्या आईंना मी एकदा जिन्यात म्हणालो होतो, वाफ आधी वर जाते बाई, मग आमच्याकडे येते. त्या म्हणाल्या, तुमच्या बायकोला कामं टाळायला निमित्त पाहिजे."

मी विचारलं, "काकू कशा आहेत?"

"छान आहेत. पंप सुटला. पहाटे फिरायला जातात."

ते एवढं सांगायलाच आले होते, हे मला कळलं. पंगत बसली तसे ते उठले आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले. दादा स्वतः वाढत होता. सर सावकाश जेवले. भात त्यांनी पुन्हा मागून घेतला.