डावीकडं दबलेली सीट

पांढुर्ण्याचा शालिकराम नगरपालिकेत नळाचे वॉल्व्ह उघडायचा आणि सायकलवर बसायचा तो भिंतीत खिळा ठोकल्यासारखा सरळ. त्याचा थोरला भाऊ गुणवंता मात्र डावीकडं कलून चालवायचा. लहानपणी आंब्यावरून पडला, तेव्हापासून कंबर तशीच. पानठेल्यावरचा प्रवीण रोज विचारायचा, "काय भाऊ, जाऊन राहिले का पडून राहिले?"

गुणवंतानं नागपुरातून एक जुनी विलायती रेसची सायकल आणली होती. बकरीच्या शिंगांसारखं हँडल, आणि वजन इतकं कमी की दोन बोटांवर उचलून दाखवायचा. तिच्यावरूनच सौंसरला कामाला जायचा. एका सकाळी बोरगावजवळ ट्रकनं उडवलं. गुणवंता गेला. सायकलीचं पुढचं चाक तेवढं वाकलं.

मग ती माळ्यावर पडून राहिली. यंदा हिवाळ्यात भंगारवाल्यानं तिची चौकशी केली, तर शालिकरामनं त्याला वाटेला लावलं. त्यानं ती खाली काढली. लिंबू-राखेनं गंज घासला, चेन रॉकेलात बुडवली, एकेक तार कसत चाक सरळ केलं. कातडी सीट वाळून लाकूड झाली होती. तिला एरंडीचं तेल पाजलं. कातडं मऊ पडलं, पण भावाच्या बसण्यानं डाव्या बाजूला पडलेला खळगा काही उठला नाही.

पहिल्याच संध्याकाळी शालिकराम त्या खळग्यात घसरला. सावरला, परत घसरला. शेवटी कलूनच चालवू लागला.

ठेल्यावर प्रवीणचा चुना लावणारा हात थांबला. "जयभीम, गुणवंताभा..." उरलेलं त्यानं पानासोबत गिळलं.

सावरगावच्या बाजूला, अधू डोळ्यांचे नत्थूजी संत्र्याच्या बगीच्यातून ओरडले, "अबे गुणवंता, मांगच्या चाकात हवा कमी हाय."

शालिकरामनं उतरून चाक दाबलं. हवा खरंच कमी होती.

घराच्या गल्लीत शिरला, तर वहिनी दारात. सुमननं हातात पाण्याचा गिलास धरला होता, नवऱ्यासाठी धरायची तसाच. सायकल जवळ आली, चेहरा दिसला, आणि तिनं ते पाणी झेंडूच्या झाडाला घातलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. चेन वाजली की चुलीवरची भाकर सोडून ती उठायची. भाकरी करपू लागल्या. ती जेवेनाशी झाली. गल्लीतली चंद्रकला नळावर म्हणायची, "सुमन कोनाची वाट पाहून राहिली, बाई?"

शेवटी शालिकराम म्हणाला, "वहिनी, उद्या नवी सीट लावतो. तुमाले तरास होऊन राहिला."

"लावा," सुमन म्हणाली. मग भाकर उलटत, "पन भाऊजी, त्याच्या आंधी एक डाव जाऊन दाखवा."

"कुठं?"

"कुठंई. ते गेले थ्या दिवशी मी नळावर होती. जाताना पायलंच नाई म्या त्याईले. म्हनून रोज येऊनच राहिले ते."

शालिकराम सायकलीकडं वळला. हवा पाहायच्या निमित्तानं तो खाली बसला.

"मांगं वळून पाहू नोका," ती म्हणाली. "तुमचं तोंड नाई दिसलं पाहिजे."

सकाळी, गुणवंता निघायचा त्याच वेळी, शालिकरामनं सायकल काढली. अंगात भावाचा निळा सदरा होता. तो सुमननंच पेटीतून काढून दिला होता. या वेळी त्यानं सावरायचा प्रयत्न केला नाही. कंबर खळग्यात सोडून दिली. पाठीमागं दारात कोणी उभं आहे हे त्याच्या मानेला कळत होतं. मान दुखायला लागली, पण त्यानं वळवली नाही. गल्ली संपली. सायकल डावीकडं कलून वळली आणि दिसेनाशी झाली.

तिथं तो उतरला. सदरा काढून हँडलला बांधला. मग मागच्या बोळातून, नुसत्या बनियनवर, सायकल हातात धरून पायी घरी आला.

दारात कोणी नव्हतं. आत सुमन जेवत होती.