आमच्या कोंबड्यांना देवी निघाली

मंडळी, आज सकाळी खुराडं उघडलं अन् बघते तर काय, दोन कोंबड्यांच्या तुऱ्यावर काळ्या खपल्या, एकीचा तर डोळाच मिटलेला!

शेजारच्या काकू म्हणल्या, "झुंजल्या असतील गं."

मला पटेना. कोंबड्या टोपलीत घालून रेणापूरला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेल्या.

ते म्हणाले, "हा कोंबड्यांचा देवीचा रोग हाय ताई. डासांमुळं पसरतो. खपल्या उपटू नका, या दोघींना वेगळं ठेवा, डोळा कोमट मिठाच्या पाण्यानं पुसा. बहुतेक बऱ्या होतील. बाकीच्यांना लस देऊ."

दुपारी त्या एकडोळीनं भिजवलेली भाकर खाल्ली, वर माझ्या बोटाला चोच मारली. लई बरं वाटलं!

तुम्ही खुराड्यातले डास कसे हाकलता?